बर्फ वितळला की परत फिरायचं

नीला, सॅम,

मागच्या महिन्यात फोनवर नीलाने मला एक प्रश्न विचारला. "आजी, त्या दिवशी तू विमानातून मम्मीला पाहिलंस ना, तेव्हा तिच्या अंगावर शाल कुठल्या रंगाची होती? सॅम म्हणतो लाल. मी म्हणते हिरवी. बाबांना विचारलं की ते उठून बाहेर जातात. तू सांग." मी म्हटलं, आठवून सांगते, आणि कुकरचं निमित्त करून फोन ठेवला. कुकर लावलेलाच नव्हता.

त्याच आठवड्यात या दिवाळी अंकाच्या संपादकांचा निरोप आला की खेड्यापाड्यांतल्या नोकरीच्या गमतीजमती लिहून द्या. गमतीजमती माझ्याकडे पुष्कळ आहेत. दर लसीकरणाला लेकरांच्या रांगेत उभं राहून "बाई, मलाबी टोचा, गुडघे लई दुखून राहिले" म्हणणारे एक आजोबा होते. मला बघताच पोरांना कणगीत लपवणाऱ्या आया होत्या. ते सगळं लिहीनही कधीतरी. आत्ता मला शालीचं उत्तर द्यायचं आहे, आणि त्यासाठी आधी माझं काम समजावून सांगावं लागेल. तेव्हा अंकाचे वाचक आणि तुम्ही दोघं एकाच बाकावर बसा.

तुम्हाला मराठी वाचता येत नाही, हे मला ठाऊक आहे. मी हैदराबादला मिशनच्या शाळेत शिकले, नर्सिंगही इंग्रजीतूनच केलं. पण नोकरीत इंग्रजीत मी फक्त अहवाल लिहिले. अजूनही इंग्रजी लिहायला बसले की हात आपोआप समास आखतो आणि अनुक्रमांक टाकतो. हे तसं लिहिता येणार नाही. कोणाकडून तरी वाचून घ्या.

मी औंढा तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात आरोग्य सहायिका होते. म्हणजे हाताखालच्या नर्सबाईंचं काम तपासायचं, आणि जिथे नर्सची जागा रिकामी असेल तिथे स्वतः जाऊन लस टोचायची. लस ही फार नाजूक वस्तू असते. ती थंड ठेवावी लागते, कारखान्यातून निघाल्यापासून लेकराच्या दंडात जाईपर्यंत. मध्ये कुठे तापली तर ती मरते, आणि मेलेली लस दिसायला जिवंत लशीसारखीच असते. दोन्ही टोचल्यावर लेकरू सारखंच रडतं. म्हणून लस टोचण्यापेक्षा ती सांभाळणं हेच आमचं खरं काम.

त्यासाठी एक निळी पेटी असायची. जाड भिंतींची, घट्ट झाकणाची, खांद्याला अडकवायचा पट्टा असलेली. तिच्या चार बाजूंना चार आइसपॅक, म्हणजे पाणी भरून गोठवलेले प्लॅस्टिकचे चपटे डबे, आणि मध्ये लशीच्या बाटल्या. निघताना आइसपॅक कानाशी धरून हलवायचा. आत बर्फाचा खडा पाण्यात टकटक वाजला पाहिजे. अगदी दगडासारखा गोठलेला असेल तर काही लसी गोठून वाया जातात. आणि दिवसात केव्हाही टकटक थांबली, नुसतं पाणी डुचमळायला लागलं, तर सत्र, म्हणजे त्या दिवसाचं लसीकरण, बंद. पेटी घेऊन परत फिरायचं आणि लस केंद्रातल्या फ्रिजमध्ये ठेवायची. पेटी स्वतःपासून दूर करायची नाही. नोंद जागच्या जागी, घड्याळ बघून करायची. हे तीन नियम मी कित्येक पोरींना शिकवले. घरी बसून वह्या भरणारे लोक आमच्या खात्यात कमी नव्हते. माझ्या वहीत खोटी नोंद नाही, याचा मला गर्व होता. लोक पाठीमागे मला 'घड्याळबाई' म्हणायचे, आणि मला ते आवडायचं.

सिद्धेश्वर धरणाच्या पाण्यापलीकडे मेंढरं राखणाऱ्यांची एक वाडी होती. गाडीरस्ता नव्हता. डोंगराला वळसा घालून पायी जायचं तर अर्धा दिवस जायचा, नाहीतर मासे धरणाऱ्या ग्यानबाचा तराफा. थर्माकोलचे तुकडे बांधून वर फळी टाकलेली, एवढाच तो तराफा. ग्यानबा मला बसवताना दरवेळी म्हणायचा, "बाई, तुमाला पवता येतं का?" मी नाही म्हटलं की म्हणायचा, "मंग पेटी घट धरा. बुडलाव तं ती वर ऱ्हाईल, आन् पेटी कोणाची म्हनून तुमाला हुडकायला येतेन." वाडीत बोभाटा होता की पेटीत कुल्फी असते. मी उघडून दाखवलं तरी पोरांचा विश्वास बसला नाही.

त्या वर्षी उन्हाळ्यात गोवराच्या डोसाची बारा लेकरं वाडीत राहिली होती. सत्राच्या आदल्या दिवशी लाइट गेली ती आलीच नाही. सकाळी आइसपॅक हलवले तर टकटक होती, पण नेहमीपेक्षा हलकी. तरी मी निघाले. काठावर पोचले तर तराफा नव्हता. ग्यानबा मासे घेऊन बाजाराला गेलेला. एका बाभळीखाली मी बसून राहिले. पलीकडे बाया जमलेल्या दिसत होत्या. पाणी फार रुंद नाही तिथे, माणूस ओळखता येतं. दर थोड्या वेळाने मी एकेक आइसपॅक काढून कानाशी धरायची. पहिला थांबला, दुसरा थांबला. चौथ्यातली टकटक थांबली आणि तेवढ्यात ग्यानबाचा तराफा पलीकडून सुटला. बाजाराहून परतताना तो दुसऱ्या वाटेने आधी वाडीवरच उतरला होता. अर्ध्या पाण्यात येऊन ओरडला, "ओ बाई, आलो नं! थांबा की!"

मी घड्याळ पाहिलं. वहीत लिहिलं: बर्फ वितळला, सत्र रद्द. पेटी खांद्याला लावली आणि परत फिरले.

त्या महिन्याच्या बैठकीत साहेबांनी माझं नाव घेऊन सांगितलं, काम असं करायचं. नियम बरोबर होता. तापलेली लस टोचून 'आता गोवर होणार नाही' असा धीर आयांना देणं हा गुन्हा झाला असता. आजही मी तेच करीन. पुढचं सत्र ठरल्याप्रमाणे महिन्याने होतं. त्याआधी वाडीत गोवर आला. कौसा नावाच्या बाईची दहा महिन्यांची पोरगी गोवरानंतरच्या न्यूमोनियाने गेली.

महिन्याने मी गेले तेव्हा कौसा मोठ्या लेकराला घेऊन रांगेत होती. लेकराला टोचून झाल्यावर ती उठली नाही. म्हणाली, "बाई, त्या दिशी तुमी दिसून राहिल्या व्हत्या. निळी पेटी दिसत व्हती. आमी लेकरायला धून-पुसून, काजळ घालून उभं केलं व्हतं. काहून गेल्या वापस?"

मी तिला बर्फाचं सांगितलं. टकटक, पाणी, सगळं.

"व्हय, तुमचं बराबर असंल," ती म्हणाली. "पर हात तरी करायचा व्हता. आमी किती येळ हात हालवून राहिलो. तुमी एकडावबी वर पाहिलं न्हाई."

मी पाहिलं नव्हतं. मी वहीत लिहीत होते.

संध्याकाळी घरी आल्यावर मी हे तुमच्या आईला सांगितलं. सुजाता तेव्हा दहावीत होती. त्या दिवसापासून तिने एक सवय लावून घेतली. कोणी जायला निघालं की ते दिसेनासं होईपर्यंत हात वर धरून उभी राहायची. मी एसटीत बसले की फाट्यावर तिचा हात वरच. मी रागवायची, "सुजे, खाली कर, लोक हसतेत." ती म्हणायची, "कौसाचा हात आहे हा, आई. तू बघेस्तोवर खाली होणार नाही." थट्टा होती ती, पण पूर्ण थट्टा नव्हती. पुढे ती नर्स झाली, आखातात गेली, मग कॅनडात, आणि वर्षभराच्या करारावर उत्तरेतल्या तुमच्या गावात गेली ती तिथेच राहिली. व्हिडिओ कॉल संपतानाही तिचा हात वर असायचा. फोन आधी मीच बंद करायची.

वाचकांसाठी थोडं तुमच्या गावाबद्दल. आपल्याकडे रस्ता नाही म्हटलं की खड्डे आहेत असा अर्थ घेतात. तिथे रस्ता गावाच्या शेवटच्या घरापाशी संपतो आणि पुढे कुठल्याच गावाला जात नाही. बेट आहे ते, भोवती उत्तरेचा समुद्र. उन्हाळ्यात जहाज येतं आणि वर्षाचं पीठ-साखर, पलंग, गाड्या टाकून जातं. एरवी सगळं विमानाने, आणि विमान हवामानाच्या मर्जीने. तुमचे बाबा डॅनियल तिथल्या धावपट्टीवर विमानांत इंधन भरायचं काम करतात. गावाच्या टोकाला, तेलाच्या पांढऱ्या टाक्यांशेजारी तुमचं घर आहे. सुजाताने ते हट्टाने पिवळं रंगवून घेतलं होतं. वसमतच्या हळदीचा रंग म्हणे.

तीन वर्षांपूर्वी तिच्या पोटातला आजार कळला, तेव्हा फार उशीर झाला होता. दक्षिणेतल्या मोठ्या दवाखान्यातले उपाय संपल्यावर ती म्हणाली, मला घरी जायचं आहे. घरी म्हणजे तुमच्याकडे, पिवळ्या घरात. मला फोन करून म्हणाली, "आई, घाबरून येऊ नकोस, पण ये. आणि येसर घेऊन ये. इथं तोंडाला चवच नाही."

मी येसर, म्हणजे आपल्याकडचा आमटीचा मसाला, भाजलं, दळलं. ज्वारीचं पीठ, हळद, कारळाची चटणी. सगळं निवृत्तीनंतर घरी आणलेल्या एका जुन्या, बाद झालेल्या निळ्या पेटीत बसवलं. ओलावा लागणार नाही, फुटणार नाही. हिंगोली, नांदेड, मुंबई आणि पुढे दोन विमानं बदलून, तुमच्या गावाच्या अलीकडच्या शेवटच्या विमानतळावर मी दुपारी पोचले. पुढचं माझं तिकीट दुसऱ्या दिवशीचं होतं.

काउंटरवर एक तरुण मुलगी होती. तिने माझं तिकीट पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "वीस मिनिटांनी मालाचं विमान तुमच्या गावाला निघतंय. एक जागा आहे. उद्याच्या हवेचं सांगता येत नाही. जाता का? फक्त वजन फार झालंय. पेटी इथे ठेवावी लागेल, मागून येईल."

मी म्हटलं, "पेटी माझ्यासोबतच राहील. माझं उद्याचं तिकीट आहे."

तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्यांदा तिने विचारलं नाही.

पेटीत लस नव्हती. मसाला होता. हे मला तेव्हा कळत नव्हतं असं नाही. पण इतक्या वर्षांत पेटी खाली ठेवून मी एक पाऊल पुढे गेले नव्हते, आणि त्या वीस मिनिटांतही गेले नाही. ते विमान वेळेवर निघालं आणि तुमच्या गावात सुखरूप उतरलं. संध्याकाळी सुजाताला फोन केला तर ती हसली. हसताना तिला दम लागत होता. "आई, पुढच्या वेळी तिकीट पेटीचं काढ," म्हणाली, "आणि तू सामानात ये."

दुसऱ्या दिवशी धुकं आलं. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या दिवशीही. विमानतळाशेजारच्या वसतिगृहात मी राहायचे आणि सकाळी पेटी घेऊन बाकावर येऊन बसायचे. सरकारी नोकरीच्या सवयीने मी काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, विमान का जात नाही ते लेखी द्या. तिने एका चिठ्ठीवर एकच शब्द लिहून दिला: हवामान. खाली सही केली, मी मागितली म्हणून. रोज एक, अशा चार चिठ्ठ्या माझ्याकडे आहेत.

बाकावर माझ्याशेजारी तुमच्या गावची एक म्हातारी होती, ॲनी. डोळे दाखवायला आली होती, आता परत जात होती. ती कधी घड्याळ बघायची नाही. मी विचारायची, "आज जाईल का?" ती म्हणायची, "कदाचित." चौथ्या दिवशी तिने विचारलं, पेटीत काय आहे? मी डबा उघडून येसराचा वास दिला. ती सात वेळा शिंकली, आणि मग दिवसभर आठवून आठवून हसत राहिली. मीही हसले. त्या सहा दिवसांत तेवढंच.

पाचव्या संध्याकाळी फोनवर सुजाताचं बोलणं जेमतेम ऐकू आलं. "येऊन राहिलीस ना?" ती म्हणाली. तिने इतक्या वर्षांत आपल्याकडचं असं बोलणं सोडलं होतं. मी म्हटलं, "येऊन राहिले, बाळा."

सहाव्या दिवशी विमान निघालं. लहान विमान, आम्ही आठ-नऊ माणसं. पेटी माझ्या मांडीवर. गावावर पोचलो तर खाली सगळं पांढरं. एक फेरी मारली, दुसरी मारली. तिसऱ्या फेरीला धुक्याला भोक पडलं आणि मला तेलाच्या टाक्या दिसल्या, आणि त्यांच्याशेजारी पिवळं घर. अगदी जवळ. ग्यानबाच्या काठावरून वाडी दिसायची तितकं जवळ वाटलं.

तेवढ्यात वैमानिकाचा आवाज आला. धावपट्टी दिसत नाही. परतीपुरतंच इंधन उरलं आहे, त्यामुळे परत फिरतो आहोत. माफ करा.

ॲनीने माझ्या हातावर हात ठेवला. मी तो बाजूला केला. नंतर मी तिची माफी मागितली, पण त्या क्षणी मला तो हात मोकळा हवा होता. मी घड्याळ पाहिलं, पर्समधून वही काढली आणि लिहिलं: सकाळी ११.४०. गाव दिसलं. उतरता आलं नाही. परत. लिहून मान वर केली तेव्हा खिडकीबाहेर पांढऱ्याशिवाय काही नव्हतं.

वैमानिकाला मी दोष देत नाही. त्याच्या जागी मीही परत फिरले असते. मी फिरलेच होते.

दुपारी तीनच्या सुमारास सुजाता गेली. मी पोचले ते दोन दिवसांनी, स्वच्छ उन्हात, पेटीसकट.

तुम्ही दोघं धावपट्टीवर आला होतात. सॅमने पेटी माझ्या हातातून घेतली, आणि मी ती दिली. नीला माझा हात धरून म्हणाली, "आजी, त्या दिवशी आम्ही विमान ऐकलं. मम्मीने बाबांना सांगितलं, मला खिडकीशी न्या. बाबांनी तिला उचललं. धुकं थोडं गेलं तेव्हा तिने हात वर केला. आम्हीपण केला. मम्मी म्हणाली, आजी बघेस्तोवर खाली करायचा नाही. किती वेळ धरला होता आम्ही! तू पाहिलंस ना?"

मी म्हटलं, "हो. पाहिलं."

नऊ वर्षांच्या मुलीला दुसरं काय सांगायचं असतं, ते मला अजून कळलेलं नाही. पण तू ते सगळ्यांना सांगितलंस. मम्मीसाठीच्या प्रार्थनेच्या वेळी उभी राहून सांगितलंस. सॅमने चित्र काढलं: विमान, त्याच्या खिडकीत चष्मा लावलेली मी, आणि माझाही हात वर. ते चित्र माझ्या स्वयंपाकघरात फ्रिजवर आहे. पाणी घ्यायला गेलं की दिसतं. येसराची आमटी मी त्या आठवड्यात तुमच्याकडे एकदा केली. तुम्हाला ती तिखट लागली. उरलेलं येसर मी तिथेच ठेवून आले.

तीन वर्षं मी गप्प राहिले. आणखीही राहिले असते. पण आता नीला शालीचा रंग विचारते आहे. तू विसरत चालली आहेस, बाळा, आणि आपण विसरलेलं आजीकडे जपून ठेवलेलं आहे असं तुला वाटतं. मी लाल म्हणाले तर लाल होईल, हिरवी म्हणाले तर हिरवी. तुझ्या आईचं जे शेवटचं तुझ्याकडे उरलं आहे, त्यात मी हाताने रंग भरीन, आणि तू जन्मभर तो खरा मानशील. लस तापलेली आहे हे ठाऊक असून ती टोचल्यासारखं होईल ते.

कौसाला मी नंतर कधी भेटले नाही. माझी बदली वसमतकडे झाली. वाडीला आता रस्ता झाला आहे म्हणे.

आमच्या नोंदवहीचा आणखी एक नियम होता, तो वर सांगायचा राहिला. चुकीची नोंद झाली तर ती रबराने पुसायची नाही, पान फाडायचं नाही. तिच्यावर एक आडवी रेघ मारायची, खालची अक्षरं वाचता येतील अशी. खाली खरी नोंद लिहायची आणि सही करायची. ज्याने चूक केली त्यानेच.

तर नीला, सॅम: 'हो, पाहिलं' यावर रेघ मारा.

मी पाहिलं नाही. शाल कुठल्या रंगाची होती ते मला माहीत नाही. तुम्ही तिघांनी हात वर केला होता तेव्हा मी घड्याळ बघत होते.

— आजी